नियम भिंतीवर, अपवाद कपाटात

कायद्याच्या नियमातून सूट मिळावी म्हणून जो अर्ज केला जातो, त्याला सामान्यतः दोनच पक्ष असतात : एक सूट मागणारा आणि दुसरा ती देणारा. घरपट्टीच्या माफीचा अर्ज असो की शाळेच्या शुल्काचा, ह्या दोघांखेरीज तिसऱ्याचे त्यात फारसे काही बिघडत नाही. परंतु खाणीतील यंत्रसामग्रीच्या सुरक्षा-नियमांतून जेव्हा सूट मागितली जाते, तेव्हा तेथे एक तिसरा पक्ष असतो आणि सर्वांत मोलाची वस्तू त्यानेच पणाला लावलेली असते. मागणारा मालक आपल्या कचेरीत असतो, देणारा अधिकारी त्याच्या कचेरीत असतो, आणि तो तिसरा, म्हणजे ते यंत्र चालविणारा किंवा त्या यंत्राच्या शेजारी उभा राहून दिवसाचे आठ तास काढणारा मजूर, खाणीत असतो. सूट देण्यात चूक झाली तर मालकाची हानी रुपयांत मोजता येते आणि अधिकाऱ्याची फार तर बढतीत. मजुराच्या घरी जी हानी होते ती मोजण्याचे माप अद्याप कोणी काढलेले नाही. असे असूनही ह्या तिसऱ्या पक्षाला त्या अर्जाची प्रत द्यावी आणि निर्णयापूर्वी त्याचे म्हणणे ऐकावे, अशी सक्ती आपल्या खाण-कायद्याने जवळजवळ सात दशके केली नाही. हा अन्याय आहे, तो जाणूनबुजून चालू ठेवण्यात आला आहे, आणि तो दूर करणे कठीण नाही, एवढे दाखविण्यासाठी हा लेखनप्रपंच आहे.

प्रथमच एक गैरसमज दूर केला पाहिजे. सूट मागणे हाच मुळी अपराध आहे, असे माझे म्हणणे नाही. नियम करणारा मनुष्य सर्वसाधारण खाण डोळ्यांसमोर ठेवून नियम करतो. प्रत्यक्षात मात्र एका डोंगराची माती दुसऱ्या डोंगरासारखी नसते आणि वीस वर्षांपूर्वीचे यंत्र आजच्या यंत्रासारखे नसते. केव्हा केव्हा तर नियमाचे अक्षर पाळू गेल्यास नियमाचा हेतूच बुडतो. अशा वेळी सूट मागणारा मालक सुरक्षिततेचा वैरी नसून कदाचित तिचा मित्रही असू शकेल. म्हणून वाद सूट असावी की नसावी हा नाही. ती कोणत्या कसोटीवर द्यावी, आणि कोणासमक्ष द्यावी, हा खरा वाद आहे.

ह्या दोन्ही प्रश्नांची स्वच्छ उत्तरे जेथे कायद्यातच लिहून ठेवलेली आहेत, अशा एका देशाचे उदाहरण प्रथम घेऊ. अमेरिकेतील कोळशाच्या खाणींत गेल्या काही वर्षांत श्वसनयंत्रांवरून अनेक अर्ज झाले. कोळसा फोडताना थरातून मिथेन वायू सुटतो. हवेत त्याचे प्रमाण शेकडा ५ ते १५ च्या दरम्यान असले की एखादी ठिणगीही स्फोटास पुरते. ह्यास्तव तेथील नियम असा होता की, कोळसा फोडण्याच्या जागेजवळ, आणि लाँगवॉल पद्धतीच्या खाणीत तर त्या तोंडापासून १५० फुटांच्या आत, विजेवर चालणारी जी वस्तू न्यावयाची तिला सरकारच्या खाण-सुरक्षा खात्याची मान्यता असलीच पाहिजे. नियम उत्तम होता; त्याच्या मागे कित्येक स्फोटांचा इतिहास होता. परंतु खाणीत मृत्यू केवळ स्फोटाच्या वाटेने येत नाही. कोळशाची आणि दगडाची बारीक धूळ वर्षानुवर्षे फुप्फुसांत साचते आणि मनुष्य घरी अंथरुणावर, श्वासाश्वासाला झगडत मरतो. ह्या धुळीपासून बचाव व्हावा म्हणून बॅटरीवरील छोट्या पंख्याने गाळलेली हवा तोंडावर सोडणारे शिरस्त्राण तेथील कामगार वापरीत. सरकारी मान्यता असलेले असे एक शिरस्त्राण थ्रीएम कंपनी सुमारे चाळीस वर्षे बनवीत आली होती. २०२० साली तिने त्याचे उत्पादन बंद केले. बाजारात त्याहून नवी श्वसनयंत्रे होती. ठिणगी पडण्याइतकी शक्तीच त्यांच्या विद्युत्-मंडलात नाही, असे दाखले त्यांना इतर परीक्षण-संस्थांनी दिले होते, परंतु खाण-सुरक्षा खात्याची मान्यता तेवढी नव्हती. म्हणजे स्फोटापासून वाचविणारा नियमच धुळीपासून वाचविणाऱ्या साधनाच्या आड आला.

येथे सूट मागण्यास सबळ कारण होते, हे कोणीही मान्य करील. तरीही तेथील कायद्याने मालकाच्या शब्दावर विश्वास ठेवून त्याला सूट देऊन टाकली नाही. १९७७ च्या खाण-सुरक्षा कायद्याच्या १०१ व्या कलमात अशा अर्जांसाठी दोनच कसोट्या सांगितल्या आहेत. एक तर सुचविलेला पर्यायी उपाय त्या खाणीतील कामगारांना मूळ नियमाइतके संरक्षण सदासर्वकाळ देईल आणि ते तसूभरही कमी होणार नाही, हे सिद्ध झाले पाहिजे. किंवा नियम जसाच्या तसा लावल्याने त्या खाणीतील सुरक्षितता उलट घटेल, हे सिद्ध झाले पाहिजे. खर्च फार येतो, उत्पादन खोळंबते, करार मोडतो, ही कारणे त्या कसोट्यांत बसत नाहीत. शिवाय असा बदल फक्त सुरक्षेच्या नियमांत मागता येतो. कामगारांच्या आरोग्याविषयीच्या मानकांना त्या कलमाचा हात पोहोचत नाही.

आता पद्धती पाहा. अर्जाची प्रत कामगारांच्या प्रतिनिधीला द्यावी लागते. प्रतिनिधी नसेल तर ती खाणीच्या सूचनाफलकावर निर्णय होईपर्यंत लावून ठेवावी लागते. अर्जाचा सारांश सरकारी राजपत्रात प्रसिद्ध होतो आणि कोणालाही ३० दिवसांत आपले म्हणणे मांडता येते. मग खात्याचे लोक खाणीवर जाऊन चौकशी करतात आणि निर्णयाचा मसुदा काढतात. तो ज्याला मान्य नसेल त्याला रीतसर सुनावणी मागता येते. इतकेच नव्हे, तर असा अर्ज मालकाप्रमाणे कामगारांच्या प्रतिनिधीलाही करता येतो. श्वसनयंत्रांच्या अर्जांपैकी कित्येक मंजूर झाले ते ह्या सर्व पायऱ्या चढून, आणि अटींसह : वापरण्यापूर्वी प्रत्येक यंत्र तपासावे, मिथेनवर सतत लक्ष ठेवावे, त्याचे प्रमाण शेकडा १ झाले की ठरलेली खबरदारी तत्काळ घ्यावी, आणि ते वापरणाऱ्या प्रत्येकाला आधी शिकवावे. पुढे डिसेंबर २०२४ मध्ये विद्युत्-साधनांच्या मान्यतेचे नियमच सुधारण्यात आले आणि इतरत्र रूढ असलेली कित्येक मानके त्यांत स्वीकारण्यात आली. एकच अपवाद जेव्हा दहा ठिकाणांहून मागितला जातो, तेव्हा नियमच जुना झाला आहे असे समजून तो उघडपणे बदलावा, ही त्यातली शिकवण मला विशेष मोलाची वाटते.

अमेरिका म्हणजे सत्ययुग, असे सुचविण्याचा माझा हेतू नाही. तेथील कायदेही प्रेतांच्या राशीवर उभे राहिले. १९६८ च्या नोव्हेंबरात फार्मिंग्टन येथे ७८ माणसे गेली, तेव्हा १९६९ चा कोळसा-खाण कायदा आला. पुढे ५ एप्रिल २०१० रोजी पश्चिम व्हर्जिनियातील अपर बिग ब्रँच खाणीत स्फोट होऊन २९ कामगार मरण पावले. चौकशीत दिसून आले की कोळसा कापणाऱ्या यंत्राचे दाते झिजले होते, त्यावरील पाण्याचे फवारे नीट चालत नव्हते, आणि पेट घेणारी धूळ साचू दिली होती. ह्यांपैकी कशालाही सूट मागितलेली नव्हती. मालकांनी ती स्वतःच स्वतःला देऊन टाकली होती. त्या कंपनीचा तेव्हाचा प्रमुख डॉन ब्लँकेनशिप ह्याला सुरक्षा-नियम बुद्ध्या मोडण्याच्या कटाबद्दल २०१५ साली दोषी ठरविण्यात आले आणि एक वर्षाची कैद झाली. तात्पर्य, उत्तम पद्धतीनेही सर्व अनर्थ टळत नाही. परंतु अर्ज, निर्णय आणि अटी सर्वांसमोर असल्या म्हणजे निदान कोणता नियम मोडला, आणि कोणता रीतसर शिथिल झाला होता, ह्यांत गोंधळ राहत नाही. आणि ज्याचा जीव टांगणीला आहे त्याच्या हातात बोट दाखविण्यापुरता तरी एक कागद येतो.

आता आपल्या घरी येऊ. १९५२ च्या खाण अधिनियमाने आपल्या देशात सात दशके राज्य केले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाच्या परिस्थितीविषयीच्या संहितेने घेतली. त्या जुन्या अधिनियमाचे ८३ वे कलम सूट देण्याविषयी होते. त्याच्या पहिल्या पोटकलमाप्रमाणे केंद्र सरकार राजपत्रात अधिसूचना काढून एखाद्या खाणीला किंवा खाणींच्या वर्गाला कायद्यातून मोकळे करू शकत असे. हे निदान राजपत्रात तरी येई. दुसरे पोटकलम अधिक वापराचे होते. त्यान्वये सरकारने मुख्य खाण निरीक्षकाला अधिकार दिला म्हणजे तो एखाद्या खाणीला, किंवा तिच्या एका भागाला, विनियमांतील तरतुदींतून सूट देऊ शके. आणि त्यासाठी कसोटी कोणती होती? त्या खाणीतील परिस्थिती अशी आहे की ती तरतूद पाळणे अनावश्यक किंवा अव्यवहार्य ठरते, असे त्या अधिकाऱ्याचे मत झाले पाहिजे. बस्स, एवढेच.

‘अनावश्यक किंवा अव्यवहार्य’ ह्या शब्दांचे वजन वाचकांनी क्षणभर करून पाहावे. ‘अनावश्यक’ हा शब्द मी समजू शकतो. जेथे वायू नाही तेथे वायूविषयीचा नियम कशाला, असे म्हणता येईल. परंतु ‘अव्यवहार्य’? अव्यवहार्य कोणाला? नियम पाळणे मालकाला जड जात असेल म्हणून मजुरावरचा धोका कमी होतो काय? उलट अनुभव असा की, जेथे खाण अधिक अडचणीची, उतार अधिक तीव्र, जमीन अधिक ठिसूळ, तेथेच नियम पाळणे अधिक अवघड असते. आणि तेथेच त्याची गरज अधिक असते. म्हणजे ही कसोटी शब्दशः लावली तर सर्वांत धोक्याच्या जागीच सूट मिळणे सर्वांत सोपे! अमेरिकेचा कायदा विचारतो, ‘कामगाराचे संरक्षण कमी होईल काय?’ आमचा कायदा विचारीत असे, ‘मालकाला हे जमेल काय?’ दोन्ही प्रश्न एकाच विषयाचे दिसतात, पण एकाची दृष्टी कामगाराकडे वळलेली आहे आणि दुसऱ्याची मालकाकडे.

धनबादच्या खाण सुरक्षा महासंचालनालयातील अधिकारी डोळे मिटून सह्या करीत, असा आरोप मी करीत नाही. त्यांच्या आदेशांना अटी जोडलेल्या असतात, आणि त्यांतील कित्येक अधिकारी स्वतः खाणीत उतरून वाढलेले निष्णात अभियंते आहेत. परंतु कायदा चांगल्या अधिकाऱ्यावर विसंबून लिहावयाचा नसतो. तो मध्यम कुवतीच्या, कामाच्या ढिगाऱ्याखाली दबलेल्या आणि वरून येणाऱ्या सूचनांनी वाकणाऱ्या अधिकाऱ्याला डोळ्यांसमोर ठेवून लिहावयाचा असतो.

ह्याच अधिनियमाची दुसरी दोन कलमे ८३ व्या कलमाशेजारी ठेवली म्हणजे विसंगती डोळ्यांत भरते. ५९ व्या कलमाप्रमाणे विनियम करावयाचा झाल्यास त्याचा मसुदा आधी प्रसिद्ध करावा लागे, निदान तीन महिने लोकांच्या सूचनांसाठी थांबावे लागे आणि ज्या समितीत कामगारांचेही प्रतिनिधी असत अशा समितीपुढे तो ठेवावा लागे. तातडीच्या प्रसंगाचा अपवाद तेवढा होता. म्हणजे नियम जन्माला घालताना गावजेवण, आणि तोच नियम एखाद्या खाणीपुरता पुरताना स्मशानात चौघेदेखील नकोत! दुसरे कलम ६२ वे. अधिनियमाचा व नियमांचा गोषवारा प्रत्येक खाणीजवळ इंग्रजीत व विहित केलेल्या इतर भाषांत लावून ठेवावा, असे ते सांगे. भिंतीवर नियम टांगण्याची सक्ती होती. त्या नियमातून ह्या खाणीला सूट मिळाली आहे हे टांगण्याची सक्ती नव्हती. कामावर जाताना मजूर भिंतीवरचा नियम वाचतो आणि तो आपल्याला राखतो आहे अशा भरवशावर खाली उतरतो. त्याच वेळी व्यवस्थापकाच्या कपाटात एक कागद असतो, आणि त्या कागदाने त्या भिंतीवरची ओळ त्याच्यापुरती खोटी केलेली असते. कायद्याने एका मनुष्याची ह्याहून मोठी फसवणूक कशी करावी?

गोमंतकातील वाचकांना हा प्रश्न दूरचा वाटू नये. आपल्या डिचोली, सत्तरी, सांगे, धारबांदोडा ह्या तालुक्यांत लोहखनिजाच्या ज्या खाणी आहेत, त्या भुयारी नसून उघड्या आहेत. डोंगर पायऱ्यापायऱ्यांनी कापीत खाली जावयाचे अशी त्यांची रीत. १९६१ च्या धातुखाण विनियमांतील १०६ व्या विनियमाने मऊ जमिनीत, म्हणजे मुरूम, चिकणमाती, वाळू अशा भूमीत, पायरीची उंची १.५ मीटरहून अधिक नसावी आणि रुंदी उंचीपेक्षा कमी नसावी, असे घालून दिले. हे माप आले कोठून? हातात पहार आणि घमेले घेऊन पायरीच्या तळाशी उभा असलेला मनुष्य हे त्याचे मूळ. दरड कोसळली तरी ती त्याच्या डोक्यावरून येऊ नये, हा हेतू. पुढे पोकलेन आले. पोकलेनचा हात कित्येक मीटर उंच पोहोचतो. दीड मीटरच्या पायरीवर त्याला काम करता येत नाही. म्हणून यंत्रांनी खाणकाम करावयाचे झाल्यास त्या विनियमाखाली खात्याची लेखी परवानगी घेऊन पायऱ्या उंच ठेवण्याची वहिवाट पडली.

येथेही सूट मुळातच चूक होती, असे मी म्हणणार नाही. पोकलेन चालविणारा पोलादी कोठडीत बसलेला असतो. पायरीखाली उभ्या राहणाऱ्या पहारकऱ्याचा धोका त्याला तसाच नसतो. परंतु खाणीत पोकलेनचा चालक एकटाच नसतो. नमुने गोळा करणारा पायी फिरतो. मोजणीदार पायी फिरतो. यंत्र बिघडले की दुरुस्ती करणारा त्याच पायरीच्या तळाशी आडवा होतो. डंपरचा चालक मागचे फळकूट पाहावयास खाली उतरतो. ह्या चौघांच्या डोक्यावर आता दीड मीटरऐवजी कित्येक मीटरची दरड उभी असते. आणि गोमंतकात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, हे तर येथल्या पोरालाही ठाऊक आहे. परवानगीचा अर्ज लिहिला जातो तो यंत्राच्या हाताची लांबी मोजून. ह्या चौघांना विचारले असते, तर त्यांनी पहिल्याच वाक्यात सांगितले असते की, पावसानंतर कोणत्या पायरीखाली आम्ही उभे राहत नाही. ते ज्ञान कोणत्याही नकाशात नसते, आणि अर्जाच्या पद्धतीत त्याला शिरावयास दारच ठेवलेले नाही.

उतार आणि उंची ह्यांचा हिशेब चुकला की काय होते, ते २९ डिसेंबर २०१६ रोजी झारखंडातील राजमहाल कोळसा-खाणीत देशाने पाहिले. लालमटिया येथे मातीचा प्रचंड ढिगारा घसरला, पोकलेन आणि डंपर त्यांच्या चालकांसह गाडले गेले, आणि २३ माणसे गेली. त्या अनर्थाला एखादी सूट कारण झाली, असे माझे विधान नाही. परंतु पोलादी कोठडीत बसलेला मनुष्य सुरक्षित असतो, ह्या युक्तिवादाच्या मर्यादा त्या दिवशी स्पष्ट झाल्या, एवढे निश्चित.

ह्यावर येणारे आक्षेप मला ठाऊक आहेत. पहिला आक्षेप असा की, सर्वांचे ऐकत बसलो तर कामे खोळंबतील. ज्या उद्योगाने खनिज निघण्याची वाट लक्षावधी वर्षे पाहणाऱ्या डोंगरात हात घातला, त्याला तीस दिवस जड जावेत, हे नवल आहे. खरोखर तातडी असेल तर तात्पुरता आदेश देऊन मागून सुनावणी घेता येईल. दुसरा आक्षेप असा की, हे विषय तांत्रिक आहेत, मजुराला त्यातले काय कळते? स्फोटाचे रसायन त्याला कळत नसेल; परंतु वायुमापक यंत्राच्या तोंडावर कापड बांधून पाळी पूर्ण करून घेतली जाते की नाही, हे अभियंत्याआधी त्यालाच कळते. तिसरा आक्षेप व्यापारी गुपितांचा. यंत्राची रचना गुप्त ठेवावयाची असेल तर खुशाल ठेवा. त्या यंत्रापासूनचा धोका मात्र गुप्त ठेवण्याचा अधिकार कोणाला नाही.

चौथा आक्षेप सर्वांत बोचरा आहे, कारण तो भुकेच्या नावाने केला जातो. २०१२ साली गोव्यातील खाणी थांबल्या. पुन्हा सुरू झाल्यावर २०१८ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने ८८ पट्ट्यांची नूतनीकरणे रद्द केली. आणि ट्रकवाले, बार्जवाले, गॅरेजवाले, खाणावळवाले ह्या सर्वांच्या घरांतील चुली मंदावल्या. तेव्हा आता आणखी अडथळे आणू नका, असे म्हटले जाते. त्या चुलींविषयी मला आदर आहे. परंतु ज्यांच्या चुलीचा हवाला दिला जातो, त्याच घरचा कर्ता पायरीखाली उभा असतो. खाणबंदीने गेलेला रोजगार पुन्हा मिळू शकतो. दरडीखाली गेलेला मनुष्य परत येत नाही. शिवाय, खाणी बंद पडल्या त्या नियम फार कडक होते म्हणून नव्हे. नियमांना वळसे घालण्याची सवय न्यायालयाच्या दाराशी जाऊन पोहोचली, म्हणून पडल्या. ज्यांना उद्योग टिकावा असे मनापासून वाटते, त्यांनी तर उघड्या पद्धतीचा आग्रह सर्वांआधी धरावयास हवा.

ह्या बाबतीत नव्या संहितेची दिशा चिंता वाटावी अशीच आहे. सूट देण्याचा अधिकार तिने सरकारच्या हाती ठेवला आहेच. शिवाय नवीन कारखान्यांच्या बाबतीत आर्थिक व्यवहार व रोजगार वाढावा ह्या कारणासाठीही सूट देता येईल, अशी तरतूद तिने केली आहे. म्हणजे ‘अनावश्यक’ आणि ‘अव्यवहार्य’ ह्यांच्या पंगतीला आता ‘लाभदायक’ हेही येऊन बसले. आज ती पंगत कारखान्यांची आहे. उद्या खाणींना तिचे आमंत्रण जाणार नाही, ह्याची हमी कोणी द्यावी?

आपल्या वाचकांपैकी अनेकजण कोणत्या ना कोणत्या देवस्थानचे महाजन आहेत. देवस्थानची एखादी बाग विकावयाची झाली, किंवा घालून दिलेल्या वहिवाटीला मुरड घालावयाची झाली, आणि समितीने ते बंद खोलीत परस्पर ठरविले, तर काय होते, हे त्यांना सांगावयास नको. महाजन सभा मागतात, नोटीस कोठे लावली होती ते विचारतात, मामलेदाराकडे धाव घेतात. आणि ते योग्यच करतात. कारण विश्वस्ताने दुसऱ्याच्या वस्तूविषयी निर्णय घेताना ज्याची वस्तू आहे त्याला विचारावे, ही साधी न्यायबुद्धी आहे. नारळीच्या एका बागेसाठी जी दक्षता आपण हक्काने मागतो, ती मनुष्याच्या प्राणासाठी मागणे अतिरेकाचे कसे ठरेल?

न्यायालयांनी ह्या दिशेची वाट फार पूर्वी दाखविली आहे. प्रशासकीय निर्णयालाही नैसर्गिक न्यायाची तत्त्वे लागू पडतात, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६९ साली क्रैपाक प्रकरणात सांगितले. कामगाराचे आरोग्य हा घटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील जीविताच्या अधिकाराचाच भाग आहे, हे त्याच न्यायालयाने १९९५ साली ॲस्बेस्टॉस कामगारांच्या प्रकरणात सांगितले. ही दोन सूत्रे एकत्र गुंफली म्हणजे, ज्याच्या जीवितावर सूट घाला घालू शकते त्याचे म्हणणे आधी ऐकले पाहिजे, हा निष्कर्ष कोणताही विधिज्ञ काढील. तो कलमात लिहिला गेलेला नाही, एवढीच उणीव आहे.

म्हणून मागण्या चार आहेत. पहिली, ‘अव्यवहार्य’ हा शब्द सूट देण्याच्या कसोटीतून कायमचा जावा आणि त्याच्या जागी ‘मूळ नियमाइतके संरक्षण’ ही कसोटी यावी. ते सिद्ध करण्याचा भार मागणाऱ्यावर असावा. दुसरी, प्रत्येक अर्ज खाणीच्या दारावर, तेथील कामगारांना वाचता येईल अशा भाषेत, तीस दिवस लावावा आणि कंत्राटी मजुरांसह सर्वांना लेखी वा तोंडी हरकत घेता यावी. गोमंतकात ती भाषा कोकणी व मराठी असेल, आणि मजूर परप्रांतातून आलेले असतील तेथे त्यांची असेल. तिसरी, प्रत्येक सूट ठरावीक जागेपुरती, ठरावीक यंत्रापुरती आणि ठरावीक मुदतीची असावी; आदेश त्याच्या सर्व अटींसह प्रसिद्ध व्हावा; अट मोडली की सूट आपोआप संपावी. चौथी, एकच सूट वारंवार मागितली जाऊ लागली तर सूटींची माळ ओवीत न बसता नियमच उघड चर्चेने सुधारावा. नव्या संहितेखालील विनियम जेव्हा जेव्हा घडविले जातील, तेव्हा तेव्हा ह्या चार मागण्या हरकतीच्या रूपाने सरकारपुढे जाव्यात, हे काम कामगार-संघटनांइतकेच खाणीच्या छायेतील ग्रामस्थांचेही आहे.

तोवर स्वस्थ बसण्याचे मात्र कारण नाही. २००५ च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्यातील चौथे कलम असे सांगते की, सार्वजनिक प्राधिकरणाने आपल्या निर्णयांची कारणे त्या निर्णयांची झळ ज्यांना पोहोचते त्यांना सांगितली पाहिजेत. खाणीतील मजूर हा अशी झळ पोहोचणारा मनुष्य नसेल, तर दुसरा कोण असेल? आपल्या गावच्या खाणीला कोणत्या विनियमातून, कोणत्या यंत्रासाठी, कोणत्या अटींवर आणि किती मुदतीची सूट मिळाली आहे, एवढे विचारणारा अर्ज दहा रुपये शुल्क भरून कोणीही करू शकतो. उत्तर आले तर ते ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावे. न आले तर अपील करावे. ज्या गावात दोन वकील, चार शिक्षक आणि एक वाचनालय आहे, त्या गावाला हे जमणार नाही असे नाही. कपाटातला कागद भिंतीवर आणावयाचा असेल, तर त्याची सुरुवात ह्या एका अर्जाने करता येईल.